ॲटा मिल्स म्हणजे रॉलिंग्ज यांच्या हातचं बाहुलं? जरा आकडे बघू

घानाचे दिवंगत राष्ट्राध्यक्ष जॉन ॲटा मिल्स यांच्यावरचा एक मजकूर अधूनमधून डोकं वर काढतो. मूळ टीका घानातलीच, त्यांच्या विरोधकांनी चालवलेली. आता ती ‘प्राध्यापकांनी राजकारणात का पडू नये’ याचा पुरावा म्हणून आपल्याकडेही पुढे पाठवली जाते. म्हणणं थोडक्यात असं : हा माणूस वर्गातून थेट सत्तेवर आला, कारभाराचा अनुभव शून्य. लष्करी हुकूमशहा जेरी रॉलिंग्ज यांनी बसवलेलं हे बाहुलं. दोनदा आपटलं आणि तिसऱ्यांदा टेन नावाच्या एका मतदारसंघात घोटाळा करून जिंकलं. भारताने बांधून दिलेल्या राष्ट्राध्यक्ष भवनात राहायला नकार देऊन आपला अपमान केला. आणि अर्थव्यवस्था वाढली ती निव्वळ तेलामुळे, यांनी केलं काहीच नाही.

बाहुल्याचा आरोप सगळ्यात जुना आणि सगळ्यात चिवट. तो पूर्ण हवेतला नाही, हे आधीच मान्य करून टाकू. रॉलिंग्ज यांनी १९७९ आणि १९८१ असे दोन उठाव केले, १९९२ नंतर निवडणुका जिंकून राज्य केलं. त्यांचे पहिले उपाध्यक्ष आर्काह यांनी तर मंत्रिमंडळाच्या बैठकीत रॉलिंग्ज यांनी आपल्याला मारहाण केली, असा जाहीर आरोप केला होता. अशा साहेबांना १९९६ च्या निवडणुकीसाठी नवा जोडीदार हवा होता आणि त्यांनी लेगॉनच्या विद्यापीठातल्या एका मृदुभाषी कायदेपंडिताला निवडलं. १९९८ मध्ये स्वेड्रू गावच्या सभेत रॉलिंग्ज यांनी आपला वारस म्हणूनही मिल्स यांचंच नाव जाहीर करून टाकलं. पक्षात मतदान नाही, काही नाही. चिडलेला एक गट पक्ष सोडून गेला. वर मिल्स यांनी स्वतःच सांगितलं की राष्ट्राध्यक्ष झालो तर रॉलिंग्ज यांचा सल्ला चोवीस तास घेईन. विरोधकांना आणखी काय हवं? ‘रॉलिंग्ज यांचं पूडल’, म्हणजे मालकाच्या मागेमागे फिरणारं कुत्रं, हे नाव तेव्हापासून चिकटलं.

पण मजकूर इथेच थांबतो, मिल्स थांबले नाहीत. २००० मध्ये हरल्यावर २००२ च्या डिसेंबरात त्यांनी पक्षांतर्गत निवडणूक लढवली. समोर होते क्वेसी बोचवे, रॉलिंग्ज यांच्याच राजवटीत १३ वर्षं अर्थखातं सांभाळलेले. मिल्स जिंकले. २००४ मध्ये देशाची निवडणूक पुन्हा हरले, तरी २००६ मध्ये कोफोरिदुआच्या अधिवेशनात चौघांच्या लढतीत ८१ टक्क्यांवर मतं घेऊन उमेदवारी परत मिळवली. साहेबांच्या बोटाने आलेला माणूस आता पक्षाच्या मतांवर उभा होता.

खरी कसोटी लागली ती सत्ता आल्यावर. रॉलिंग्ज यांची अपेक्षा होती की आधीच्या सरकारातल्या लोकांवर झटपट कारवाई व्हावी. ती होईना, तसे ते मिल्स यांच्या संथपणावर चव्हाट्यावर बोलू लागले. मिल्स यांनी जाहीर उत्तर देणं बहुतेक टाळलं, आणि गंमत म्हणजे या गप्प राहण्यालाही लोक शरणागती समजले. २०११ च्या जुलैमध्ये सुन्यानीला मिल्स यांच्या एनडीसी पक्षाचं अधिवेशन भरलं. पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षाला उमेदवारीसाठी पक्षातूनच आव्हान देण्यात आलं, आणि ते देणाऱ्या होत्या नाना कोनाडू आग्येमान रॉलिंग्ज, म्हणजे पक्षाचे संस्थापक रॉलिंग्ज यांच्या पत्नी. निकाल : मिल्स २,७७१, नाना कोनाडू ९०. बाहुल्याने दोरी धरणाऱ्याच्या घरच्याच उमेदवाराला नव्वदीत गुंडाळलं. पुढच्या वर्षी नाना कोनाडू यांनी वेगळा पक्ष काढला. १९९८ साली मिल्स रॉलिंग्ज यांचे होते, हे खरंच. २०११ सालीही होते असं म्हणणाऱ्याने या २,७७१ मतांचा हिशोब द्यावा.

‘अनुभव शून्य’ या आरोपाला फार वेळ द्यायची गरज नाही, पण त्यात एक मजेशीर धागा आहे. १९४४ मध्ये टार्क्वा या खाणींच्या गावात जन्म, अचिमोटा शाळा, १९६७ ला लेगॉनहून कायद्याची पदवी, मग लंडनला पदव्युत्तर शिक्षण आणि वयाच्या २७ व्या वर्षी डॉक्टरेट. विषय करआकारणी आणि आर्थिक विकास. नंतर जवळपास पाव शतक अध्यापन. (हॉकीही खेळायचे, थेट देशाच्या संघातून. हे त्या मजकुरात येत नाही, कारण पुस्तकी किड्याच्या चित्रात ते बसत नाही.) पण १९८८ पासून ते घानाच्या आयकर खात्याचे प्रभारी आयुक्त होते आणि १९९६ मध्ये आयुक्त झाले. करखातं चालवणं म्हणजे वर्गात तास घेणं नव्हे. घानात तर नाहीच. १९९५ मध्ये तिथे १७.५ टक्क्यांचा व्हॅट आला तेव्हा राजधानी अक्रामध्ये इतकं मोठं आंदोलन पेटलं की माणसं मेली आणि सरकारला काही महिन्यांत कर मागे घ्यावा लागला. तोच कर १९९८ च्या डिसेंबरात १० टक्क्यांवर पुन्हा लावला गेला, तेव्हा मिल्स उपाध्यक्ष होते. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर पहिल्याच वर्षी, २००९ मध्ये, आयकर, सीमाशुल्क आणि व्हॅट ही वेगवेगळी खाती एकत्र करून घाना रेव्हेन्यू ऑथॉरिटी उभी करण्याचा कायदा झाला. ज्याने त्यातल्या एका खात्याची खुर्ची सांभाळली होती, त्याला ही खाती एकमेकांशी कशी बोलत नाहीत हे कुणी समजावून सांगावं लागलं नसेल.

आता टेन. इथे शांतपणे बेरीज-वजाबाकी केली की पुरे. २००८ च्या ७ डिसेंबरला पहिली फेरी झाली. तेव्हाच्या सत्ताधारी एनपीपी पक्षाचे नाना आकुफो-आडो ४९.१३ टक्के, मिल्स ४७.९२. पन्नाशी कुणीच गाठली नाही म्हणून २८ डिसेंबरला दुसरी फेरी. त्या दिवशी टेन मतदारसंघात मतपत्रिकांच्या घोळामुळे मतदानच झालं नाही. ते २ जानेवारी २००९ ला झालं आणि एनपीपीने त्यावर बहिष्कार टाकला. टेनचा निकाल मिल्स १९,५६६, आकुफो-आडो २,०३५. एकतर्फी दिसतो, कारण एक बाजू मैदानातच नव्हती.

देशभराचा अंतिम आकडा होता मिल्स ४५,२१,०३२ आणि आकुफो-आडो ४४,८०,४४६. फरक ४०,५८६. आता टेन पूर्ण वगळा. मिल्स ४५,०१,४६६ विरुद्ध ४४,७८,४११ अशा फरकाने, म्हणजे २३,०५५ मतांनी पुढेच राहतात. टेनने आघाडी वाढवली, निर्माण केली नाही. आकुफो-आडो यांना बाजी उलटवायची तर ५० हजारांहून थोड्या जास्त मतदारांच्या या एका ग्रामीण मतदारसंघातून २३ हजारांची निव्वळ आघाडी लागली असती, आणि पहिल्या फेरीत तिथे दोघांत फारसं अंतर नव्हतं. अशांती आणि व्होल्टा प्रांतांत गैरप्रकार झाल्याच्या तक्रारी दोन्ही पक्षांनी केल्या, हे खरं. निवडणूक आयोगाने पुरावे अपुरे ठरवले, आकुफो-आडो यांनी पराभव मान्य केला.

आणि ‘दोनदा आपटले’ हे टोमणा म्हणून सांगताना २००० ची एक गोष्ट वगळली जाते. दुसऱ्या फेरीत एनपीपीचे जॉन कुफुओर ५६.९ टक्क्यांवर गेले तेव्हा मिल्स विद्यमान उपाध्यक्ष होते, सरकार त्यांच्या पक्षाचं, आणि पाठीशी लष्करातून आलेला राष्ट्राध्यक्ष. अंतिम आकडे लागायच्या आधीच त्यांनी कुफुओर यांना फोन करून अभिनंदन केलं. निवडून आलेल्या एका सरकारने निवडून आलेल्या दुसऱ्या पक्षाकडे सत्ता देण्याची घानातली ती पहिलीच वेळ.

भारताच्या अपमानाचं प्रकरण आपल्याकडे जास्त रंगतं. अक्रामधलं हे भवन कुफुओर यांच्या काळात भारताच्या कर्जातून उभं राहिलं. कर्जातून, भेट म्हणून नव्हे. बांधलं मुंबईच्या शापूरजी पालनजी कंपनीने. विरोधात असताना एनडीसीने या खर्चावर झोड उठवली होती. त्यामुळे सत्तेत आल्याबरोबर तिथे जाऊन बसणं मिल्स यांना अवघड होतं, म्हणून ते समुद्राकाठच्या जुन्या ओसू किल्ल्यातूनच कारभार करत राहिले. यात भारताचा संबंध एवढाच की कर्ज आणि कंत्राटदार आपले होते. उलट टीका करायचीच तर ही करा : एवढी तयार इमारत नुसत्या हट्टापायी राष्ट्राध्यक्षांविना ठेवणं म्हणजे साधेपणा नव्हे, उधळपट्टीच. मला तरी तो निर्णय पटलेला नाही.

आता प्रतिवाद करणाऱ्यांनाही एक चिमटा. या मजकुराला उत्तर म्हणून मिल्स यांचे चाहते ‘असोमद्वेहेने’, म्हणजे शांतीचा राजा, ही त्यांची उपाधी पुढे करतात आणि त्यांच्या काळात भ्रष्टाचार झालाच नाही म्हणतात. मग वोयोमे प्रकरणाचं काय? २००८ च्या आफ्रिकी फुटबॉल करंडकासाठीच्या स्टेडियमांच्या वादातून आल्फ्रेड वोयोमे या व्यावसायिकाला सरकारने सुमारे ५.१ कोटी सेडी (घानाचं चलन) मोजले. मिल्स व्यक्तिशः स्वच्छ होते हे विरोधकही मानत, पण पैसे त्यांच्याच तिजोरीतून गेले. यावर बोलणारे ॲटर्नी जनरल मार्टिन अमिडू यांना जानेवारी २०१२ मध्ये घरी बसवलं गेलं. हेच अमिडू २००० मध्ये मिल्स यांचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते. ते साधा नागरिक म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१४ मध्ये न्यायालयाने रक्कम परत करायला सांगितली. फौजदारी खटल्यात वोयोमे २०१५ ला निर्दोष सुटले. सज्जन माणूस आणि सावध कारभार या दोन वेगळ्या गोष्टी असतात. मिल्स यांच्याकडे पहिली होती, दुसरी दरवेळी होतीच असं नाही.

राहिलं तेल. २०११ मध्ये घानाची अर्थव्यवस्था १४ टक्क्यांच्या आसपास वाढली आणि त्यात जुबिली क्षेत्रातल्या तेलाचा वाटा मोठा होता, यात वाद नाही. तेल सापडलं २००७ मध्ये, कुफुओर यांच्या कारकिर्दीत. तोटी उघडली मिल्स यांनी, १५ डिसेंबर २०१० ला. नशीब म्हणायचं तर म्हणा. कोको उत्पादनही त्या हंगामात पहिल्यांदाच दहा लाख टनांवर गेलं. अपयशंही मोठी होती. दक्षिण कोरियाच्या एसटीएक्स कंपनीबरोबर दोन लाख घरं बांधायचा गाजावाजा झाला आणि करार कोसळला. नवी वेतनश्रेणी लागू झाली, पगाराचं बिल फुगलं, २०१२ च्या निवडणुकीच्या वर्षात तूट हाताबाहेर गेली.

पण ‘काहीच केलं नाही’ हे वाक्य २०११ च्या पेट्रोलियम महसूल कायद्यापाशी अडखळतं. तेलाचा पैसा येऊ लागल्यावर काही महिन्यांतच हा कायदा झाला. त्यात ठरलं की अपेक्षित महसुलातला जास्तीत जास्त ७० टक्के अर्थसंकल्पात जाईल. उरलेला दोन निधींत पडेल. एक तेलाचे भाव कोसळले तर आधाराला, दुसरा तेल संपल्यानंतरच्या पिढीसाठी. कायदा निर्दोष नव्हता. भावी तेल तारण ठेवून कर्ज काढायला वाट ठेवली गेली आणि त्याच वर्षी चायना डेव्हलपमेंट बँकेकडून ३०० कोटी डॉलरचं कर्ज घ्यायचंही ठरलं. तरी त्यात एक कलम असं आहे जे सत्ताधाऱ्यांना सहसा आवडत नाही : सरकारबाहेरच्या संस्थांच्या प्रतिनिधींची देखरेख समिती, जिने तेलाचा पैसा कुठे गेला हे तपासून अहवाल जाहीर करायचे.

मिल्स २४ जुलै २०१२ ला पदावर असतानाच गेले, वयाला ६८ वर्षं पूर्ण झाल्याच्या तिसऱ्या दिवशी. काही तासांत उपाध्यक्ष जॉन महामा यांचा शपथविधी झाला. ती समिती मात्र नंतरही काम करत राहिली, आणि मिल्स यांच्या पक्षाचं सरकार असो की एनपीपीचं, तिचे अहवाल दोघांनाही खुपत आले आहेत.