टक्केवारीचं गणित अर्धवट आहे

दहाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे आयुष्याचे १० टक्के, पन्नाशीत फक्त २, म्हणून वर्षं भराभर सरतात, हे वय वाढेल तसा काळ वेगाने का सरतो यावरच्या तुमच्या लेखातलं विधान पटलं नाही. फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल जाने यांचं हे सूत्र अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने १८९० मध्ये मांडलं खरं, पण या सूत्राने अनुभवाचं ढोबळ वर्णन होतं, उलगडा होत नाही, असंही त्यानेच लिहिलं होतं. एवढ्याने भागत असतं तर दादरच्या फलाटावर रखडलेल्या लोकलची १५ मिनिटं सत्तरीच्या आजोबांना चुटकीसरशी जायला हवीत. जात नाहीत! कारण तिथे सगळं लक्ष इंडिकेटरवर असतं, आणि लक्ष वेळेवर असलं की वेळ लांबतो. सरलेलं वर्ष मात्र आपण आठवणींवरून मोजतो. रोज तीच गाडी, तोच डबा, तीच खिडकी असेल तर मेंदू नवं काही साठवत नाही आणि मागे वळून पाहताना अख्खं वर्ष आक्रसतं.

विटमन आणि लेनहॉफ या संशोधकांच्या २००५ च्या पाहणीतही वयाचा फरक मुख्यतः 'गेली दहा वर्षं किती वेगाने गेली' या प्रश्नात दिसला, आठवड्या-महिन्यांच्या बाबतीत फारसा नाही. निवृत्त माणसांना लेखात 'छंद जोपासा' एवढंच सांगून सोडलंय, ते अपुरं वाटतं. वर्ष असं आक्रसू नये म्हणून रोज रात्री दोन ओळी लिहाव्यात, पण 'बाजारात गेलो' असं नाही. कोण भेटलं, काय बोललं, कोळणीकडे कुठली मासळी होती, हे लिहावं. मोघम नोंदी महिन्याभरात सगळ्या सारख्याच दिसायला लागतात, मग त्यांतून काहीच आठवत नाही.