फवारणी, कोयनेल आणि शाळा

माझे वडील हिवताप विभागात फवारणीला होते. डीडीटी मारून झाली की भिंतीवर तारीख लिहायची नि पुढच्या घरी जायचं. चार दिवसांनी सण आला की घरची बाई तीच भिंत पांढऱ्या मातीनं पोतारून काढायची. औषध मातीखाली. वडील तिच्यावर कधी चिडले नाहीत. "तिला कुणी बसून सांगितलं का?" एवढंच म्हणायचे.

इटलीतल्या मलेरियाबद्दल वाचताना त्यांचं हे वाक्य सारखं आठवतं. १९०० च्या सुमारास तिथे वर्षाला १५ हजारांच्या आसपास माणसं मलेरियानं मरत. रोमभोवतीच्या मोठमोठ्या जमीनदाऱ्यांवर डोंगरातले मजूर सुगीला उतरायचे, गवताच्या खोपटांत झोपायचे, आणि सुगी नेमकी डासांच्या दिवसांत. डास हा रोग पसरवतो हे तोवर सिद्ध झालं होतं. खोपटातल्या माणसाला त्याचा काय उपयोग?

त्याच वर्षी कायदा झाला आणि सरकारी कोयनेल, म्हणजे मलेरियावरचं क्विनाइन, मीठ-तंबाखूच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागलं. पुढच्या काही वर्षांत मजुरांना फुकट, आणि खर्च जमीनमालकांच्या माथी! ही तरतूद मला सगळ्यात मोलाची वाटते. ज्याच्या शेतात ताप लागला, त्यानं भरायचं.

तरी लोक गोळी घेईनात. ज्या सरकारकडून कर नि शिपाई यांपलीकडे दारात काही आलं नव्हतं, ते फुकट औषध का देईल? विषच असणार. तेव्हा डॉक्टर आंजेलो चेल्ली, त्यांची पत्नी आन्ना आणि काही लेखक-शिक्षक त्या खोपटांपर्यंत गेले आणि त्यांनी शाळा काढल्या. रविवारी, रात्री, जमेल तेव्हा. औषध द्यायला निघालेली माणसं अक्षरं शिकवू लागली. १९१४ पर्यंत मृत्यू दोन-तीन हजारांवर आले. मग महायुद्ध आलं आणि रोग पुन्हा उसळला.

इटलीच्या उत्तरेकडे भातखाचरांत निंदणी करणाऱ्या बायकांची गोष्ट तर मला फार आवडते. पहाटे नि संध्याकाळी खाचरात उतरायचं नाही, हा जुना नियम मलेरियासाठी केलेला, पण कागदावरच राहिलेला. त्याच नियमाचा आधार घेत त्या लढल्या आणि १९०६ मध्ये व्हेर्चेल्लीत आठ तासांचा दिवस मिळवला.

आपल्या शहरांत अर्धवट बांधलेल्या इमारतीत, स्लॅबवर साचवलेल्या पाण्याशेजारी मजुरांची पोरं झोपतात. त्यांना ताप आला तर औषधाचा खर्च नि आईबापांचा बुडालेला रोज ठेकेदारानं भरावा, असं मी आज उघडपणे म्हणतो.