डोंगर ‘जसाच्या तसा’ होत नसतो, भाऊ

“अमेरिकेत कोळसा काढला की डोंगर कायद्यानं जसाच्या तसा उभा करावा लागतो. माती दाबायची, गवत पेरायचं, दोन वर्षांत हिरवागार! मग बालाघाटच्या डोंगरातल्या खडीला विरोध कशाला?” हा मेसेज मला बीडच्या चार ग्रुपांवर आला. त्यातही दोनदा तर सख्ख्या मावसभावाकडूनच.

‘कायद्यानं जसाच्या तसा.’ कायदा आहे, 1977 चा. पण त्यात ‘मूळ आकाराच्या जवळपास’ असं म्हटलंय, आणि त्यालाही सूट आहे. माथाच कापायचा असेल आणि पुढं तिथं काही उपयोगाचं उभं राहणार असेल, तर सपाट सोडलं तरी चालतं. तिकडच्या केंटकी राज्यातल्या मार्टिन काउंटीत अशाच कापलेल्या डोंगरावर तुरुंग बांधलाय. शिवाय फोडलेला दगड फुगतो. विहीर खोदलेल्या कुणालाही विचारा, निघालेलं डबर परत त्याच खड्ड्यात मावतं का? ॲपलेशियाच्या, म्हणजे अमेरिकेच्या पूर्वेकडच्या डोंगरांत उरलेलं डबर दऱ्यांत लोटलं आणि ओढ्यांचे उगम त्याखाली गाडले गेले.

‘माती दाबायची, गवत पेरायचं.’ इथं तर मेसेज पार उलटा आहे. तीव्र उताराची माती घसरू नये म्हणून कायद्यानंतर तिकडं बुलडोझरनं उतार गच्च दाबले आणि लवकर पसरणारं गवत पेरलं. गवत आलं. झाडं मात्र खुरटली, कारण मुळं आत शिरेनात आणि पाऊस वरच्या वर वाहून जाई. पायवाटेवर पेरून काय उगवतं हे आपल्याकडं शाळकरी पोरगंही सांगेल. तिकडं ते पटायला काही दशकं गेली. आता तिकडचे तज्ज्ञ सांगतात की वरचा किमान चार फुटांचा थर भुसभुशीत ठेवा, उतार चोपून गुळगुळीत करू नका, झाडांना दाबून टाकणारं गवत टाळा, मग रोपं लावा. 2004 पासून तिथं हे काम संघटितपणे चाललंय. आधी दाबलेले डोंगर आता डोझरच्या लांब दातांनी पुन्हा उकरावे लागतात.

‘दोन वर्षांत.’ त्याच कायद्यात लागवडीची जबाबदारी पाच वर्षांची आहे, आणि वर्षाला 26 इंच किंवा त्याहून कमी पाऊस असेल तिथं दहा. 26 इंच म्हणजे साधारण 660 मिलिमीटर. आष्टी-पाटोद्याकडच्यांनी आपला पाऊस आठवावा. आणि हे काम होईल याची अनामत खाण सुरू होण्याआधीच भरावी लागते.

‘मग इथं का नाही?’ कारण इथं कोळसा नाही, काळा पत्थर आहे. तिकडच्या त्या डोंगरांत कोळशाचा थर बहुधा काही फुटांचाच असतो. त्याच्यावरचा खडक बाजूला पडलेला राहतो, म्हणून भरायला माल तरी उरतो. खडीत दगड हाच माल. तो हायवा ट्रकात बसून रस्त्यावर गेला, आता खड्डा कशानं भरणार? आपल्या उतारावर माती वीतभर, खाली मुरूम, त्याखाली भेगाळ खडक. पायथ्याच्या विहिरींना पाणी त्या भेगांतून येतं. ती भेग कुठल्याच कायद्यानं परत जोडता येत नाही.

खडी बंदच करा असं मी म्हणत नाही, रस्ता मलाही लागतो. पण पहिला सुरुंग उडण्याआधी वरची माती नि मुरूम कुठं रचून ठेवणार, उभा कडा टप्प्याटप्प्यानं उतरता करणार का आणि त्यासाठी किती पैसे आधी भरणार, एवढं ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्या. मावसभावाला मी हेच कळवलंय. मेसेज वाचलाय त्यानं, उत्तर अजून नाही.