इस्त्रीवाल्याशी हिंदीत मीच बोलायचो

आमच्या भांडुपच्या बिल्डिंगखाली एक इस्त्रीवाला बसतो, गोरखपूरकडचा, दहा-बारा वर्षं तरी झाली असतील. परवा खाली उतरत होतो तर आईचा आवाज आला, "खंय होतंस रे चार दिस?" आणि समोरून उत्तर, "गावाक गेल्लंय काकी." मी जिन्यातच थांबलो. हा माणूस माझ्याशी इतकी वर्षं हिंदी बोलतोय आणि आईशी चक्क मालवणी!

आईला हिंदी येत नाही असं नाही, टीव्हीवरचं सगळं कळतं, पण तोंड उघडलं की मालवणीच, समोर कोण का असेना. तिने त्याला शिकवायला वगैरे घेतलं नाही, फक्त स्वतः बदलली नाही. आणि आपण? रिक्षा दिसली की "भैया, स्टेशन चलोगे?", मग तो जळगावचा का निघेना, दोघं मराठी माणसं स्टेशनपर्यंत एकमेकांशी हिंदी फाडत जातो. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर नुसता फुलांचा पाऊस, आणि तासाभराने त्याच ग्रुपवर पाणी बंदची नोटीस, हिंदीत.

मग "इथे राहतात पण मराठी शिकत नाहीत" ही तक्रार. अरे पण शिकणार कोणाकडून? कोणी धडपडत बोलला की आपण एकतर हसतो नाहीतर लगेच हिंदीत घुसतो. हिंदीत लिंगं दोन, आपल्यात तीन, तो चहा, ती कॉफी, ते दूध, चुकणारच की माणूस. कानाखाली वाजवून कोणाचं नपुंसकलिंग सुधारल्याचं मी तरी पाहिलं नाही. (माझं मत आहे, नाही पटलं तर सोडून द्या.)

हसण्याचं मला चांगलं माहितीय. पाचवीत वर्गात "माका येता" बोलून गेलो, बाई म्हणाल्या "मला येतं, असं म्हण", पोरं फिदीफिदी हसली, आणि तेव्हापासून मालवणी मी घरापुरती ठेवली, पुढे घरातही नुसती ऐकण्यापुरती.

हे इस्त्रीवाल्याला सांगितलं तर म्हणतो, "घर में तो हमारा भी भोजपुरी है साब, हिंदी तो स्कूल में मार खा के सीखा." २०११ च्या जनगणनेत पाच कोटींवर लोकांनी मातृभाषा भोजपुरी सांगितली होती, सगळे मोजले गेले हिंदीत. आणि आमची मालवणी? ती त्या यादीत मराठीखाली नाहीच, कोकणीखाली आहे! घरी येऊन आईला हे सांगितलं, ती खोबरं किसत होती. "मगे मी कोण?" म्हणाली आणि परत किसायला लागली.

आज सकाळी ठरवून त्याच्याशी मराठीत बोललो, "चार शर्ट आहेत, उद्या मिळतील का?"

"हाँ साब, कल शाम को." आणि मान वर करून खिडकीतल्या आईला, "काकी, साडी सांजेक देतंय!"