लिबियातल्या ५८ अंशांबद्दल खुलासा

‘१९२२ साली लिबियात ५८ अंश होतं, मग आता तापमान वाढलंय कुठे?’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. अल अझिझियाची १३ सप्टेंबर १९२२ची ती नोंद जागतिक हवामान संघटनेने २०१२ मध्येच रद्द केली आहे. निरीक्षक नवखा होता. तापमापीतल्या सरकत्या खुणेचं चुकीचं टोक वाचल्याने आकडा सुमारे ७ अंशांनी फुगला असावा. आसपासच्या केंद्रांशीही तो जुळत नव्हता.

आणि नोंद खरी असती तरी काय? तापमानवाढ वार्षिक सरासरीवरून मोजतात आणि तिच्यात वर्षभराचे दिवस आणि रात्रीही येतात, एकच दुपार नव्हे. उत्तर आफ्रिकेची सरासरी १९९१ ते २०२३ दरम्यान दर दशकाला सुमारे ०.४ अंशांनी वाढली. त्याआधीच्या तीस वर्षांत हा वेग निम्मा होता. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.