गावकीच्या मानकऱ्यांस नम्र सल्ला

मानकरी महाशय, यंदा शिमग्याची पालखी कोणाच्या अंगणात न्यायची नाही हे बैठकीत ठरलेच आहे, तेव्हा निदान त्याची नोंद गावकीच्या वहीत करू नका. ‘अमक्यास दंड रुपये पाच हजार, न भरल्यास वाळीत’ असे ठसठशीत लिहून खाली सह्या घेण्याची आपली प्रथा सुबक खरी. पण ३ जुलै २०१७ रोजी महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा अमलात आला आणि आपलेच अक्षर आपल्याविरुद्ध साक्ष देऊ लागले. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, एवढे एक वेळ सोसता येईल. मात्र त्या दंडातली रक्कम पीडित कुटुंबालाच भरपाई म्हणून देता येते, म्हणजे ज्याच्याकडून पाच हजार वसूल करायचे त्यालाच आपण पैसे मोजायचे; गावकीच्या जमाखर्चात ही नोंद कोणत्या रकान्यात बसवणार?

‘बहिष्कार’ हा शब्दही उच्चारू नका. गिरणी नादुरुस्त होती, मयताच्या दिवशी सगळा गाव लावणीला गेला होता, मुंबई मंडळाने त्यांची वर्गणी नजरचुकीने परत केली, असे सांगत राहा. अडचण इतकीच, की कायदा शब्दांकडे नव्हे, वागण्याकडे पाहतो, आणि विहीर, स्मशान, लग्नकार्य यांपासून कोणाला अडवले की त्याचे भागते. पोलीस पाटील भावकीतलेच आहेत यावरही विसंबू नका, कारण तक्रारदाराला थेट दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. ते कुटुंब अनुसूचित जातीचे असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही लागू होतो, आणि त्यात अटकपूर्व जामीन सहसा मिळत नाही. नंतर समेट करू म्हणाल, तर त्याला आधी पीडिताची संमती आणि मग न्यायालयाची परवानगी लागते. मानपानाची ही उलटी रीत कोणी काढली कोण जाणे.

आपणच आधी दिवाणी दावा ठोकून मनाई आणावी, असे एखादा हुशार सुचवील. त्याला महाडला पाठवा. तिथल्या सनातन्यांनी डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्यासाठी नेमके हेच केले, तात्पुरती मनाईही मिळवली, आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात हरले. दहा वर्षांच्या त्या कोर्टखर्चाचा अंदाज हवा असल्यास गावकीच्या वहीत मांडून पाहा. आमचे ऐकून ती एव्हाना जाळली असेल, तर तोंडीच करा.