दोरी ओढत नाही

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवरून आला. एक ग्रुप भावकीचा, एक केळीवाल्यांचा, दोन भरतीच्या पोरांचे. मजकूर असा: ‘अंधांची शंभर मीटर म्हणजे दिखावा. पळतो डोळस माणूस, अंधाला दोरीने ओढत नेतो. निम्म्यांना तर चांगलं दिसतं. फायनलला चारच जण, त्यात तिघांना पदकं. वेळ बघाल तर आपल्या गावची पोरं त्याहून पुढे.’

मी अमळनेरकडचा. माझा भाचा जन्मापासून अंध आहे. तीन वर्षं झाली, रोज पहाटे त्याच्या डाव्या हाताशी दोरी धरून मी पळतो. तो मेसेज दाजींनीही वाचला आणि जेवताना पोराला विचारलं, “तुले मामाच वढस का रे?” पोरगा ताटावरून उठून गेला. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी दोरीचंच बोलू, कारण सगळा मेसेज तिच्यावरच उभा आहे. नियमाप्रमाणे ती ताणली तरी 30 सेंटिमीटरपेक्षा लांब नसते आणि रबरासारखी लवचीक चालत नाही. एक टोक धावपटूच्या हातात, दुसरं गाईडच्या, म्हणजे सोबत पळणाऱ्या डोळस माणसाच्या. आता पूर्ण वेगात पळणाऱ्या माणसाचा एक हात पुढे खेचून बघा. त्याचा खांदा फिरतो, हाताची लय तुटते आणि हाताबरोबर पायाचीही. तो पुढे जात नाही, अडखळतो. हे मी स्वतः करून शिकलो. पहिले दोन महिने मी घाईघाईत नकळत खेचत होतो आणि त्याची वेळ सुधारायच्या ऐवजी बिघडत होती. शेवटी तोच थांबून म्हणाला, “मामा, दोरी वढू नको, मी पयस ना!”

मग गाईड करतो काय? त्याचा डावा हात आणि माझा उजवा हात एकाच झोक्यात जायला हवेत. आमचे आतले पाय एकदम पडायला हवेत, बाहेरचे एकदम. शाळेच्या मैदानावर फक्कीने आखलेल्या रेषेपासून तो बोटभर सरकला की माझ्या मनगटाला आधी कळतं. दोनशे मीटरला वळण येतं तेव्हा ‘वळण’, संपलं की ‘सरळ’, शेवटी ‘झुक’. एवढं बोलता यावं म्हणून गाईडकडे धावपटूपेक्षा जास्त वेग शिल्लक असावा लागतो. आणि शेवटच्या रेषेवर गाईडने एक पाऊल मागे राहायचं असतं, कारण धावपटूच्या आधी गाईडने रेषा ओलांडली तर जोडी बाद. ओढलं किंवा ढकललं तरी बाद.

हे नियम कागदावरचे नाहीत. 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये स्पेनची एलेना काँगोस्ट मॅरेथॉनमध्ये तिसरी येत होती. रेषा दोन-तीन पावलांवर असताना तिच्या गाईडच्या पायात गोळे आले, तो कोसळायला लागला. त्याला सावरायला तिने दोरी क्षणभर सोडली. चौथी धावपटू मिनिटांनी मागे होती, तरी तेव्हा काँगोस्टला बाद ठरवलं. मला तो निर्णय आजही कठोर वाटतो. पण जिथे क्षणभर दोरी सुटलेली चालत नाही, तिथे ओढलेली चालेल का, याचा विचार मेसेज पुढे ढकलणाऱ्याने करावा.

आणि गाईडमुळे फायदाच होतो असंही नाही. 2012 ला लंडनमध्ये ब्राझीलची तेरेझिन्हा गिल्हेर्मिना 400 मीटरची फायनल धावत होती. तिचा गाईड ठेचकाळून पडला. ती एकटी पुढे जाऊ शकत नव्हती, तीही ट्रॅकवर आडवी झाली. चार वर्षांची तयारी दुसऱ्याच्या एका चुकलेल्या पावलात गेली. त्याच स्पर्धेत त्याच गाईडबरोबर तिने 100 मीटरचं सुवर्ण जिंकलं. पडलेल्या माणसाचा हात पुन्हा धरायला किती विश्वास लागत असेल, हे मला रोज पहाटे जाणवतं.

‘निम्म्यांना दिसतं’ यातलं अर्धं खरं आहे आणि ते कुणी लपवलेलं नाही. दृष्टी तपासून तीन गट पाडतात. टी 13 मध्ये अल्पदृष्टी असते, ते एकटे पळतात. टी 12 मध्ये त्याहून कमी दिसतं, गाईड घ्यायचा की नाही ते धावपटू ठरवतो. टी 11 मध्ये जवळजवळ काहीच दिसत नाही आणि गाईड सक्तीचा. थोडाफार उजेड जाणवणाऱ्याला फायदा मिळू नये म्हणून तिथे सगळ्यांच्या डोळ्यांवर अपारदर्शक पट्टी असते.

चार जणांचं कोडं तर सोपं आहे. ट्रॅकवर साधारण आठ लेन असतात. गाईडसह धावणाऱ्याला दोन लेन लागतात. म्हणून फायनलला चार जोड्या, बाकीचे आधीच्या फेऱ्यांत गळलेले. पॅरिसमध्ये आपली सिमरन शर्मा टी 12 च्या 100 मीटर फायनलला पोचली आणि चौथी आली. 12.31 सेकंद. कांस्यवालीची वेळ 12.26. चौघींमध्ये रिकाम्या हाताने परतलेली ती एकटीच, पाच शतांश सेकंदांनी. याला पदकवाटप म्हणणाऱ्याने तो क्षण बघावा. पुढे तिने अभय सिंह या गाईडबरोबर 200 मीटरला 24.75 सेकंदांत कांस्य मिळवलंच.

आता वेळ. भरतीच्या पोरांनो, हे तुम्हाला. पोलीस भरतीत 100 मीटरचे पूर्ण 15 गुण मिळवायला मुलांना 11.50 सेकंद लागतात. आपल्या मैदानावर ते किती जणांना जमतं, तुम्हाला माहीत आहे. अमेरिकेचा डेव्हिड ब्राऊन, पूर्ण अंध, रिओला 2016 मध्ये 10.99 सेकंदांत सुवर्ण जिंकला. टोकियोत ग्रीसच्या अथानासिओस गावेलासने 10.82 लावले, तेही डोळ्यांवर पट्टी बांधून. आयर्लंडचा जेसन स्मिथ टी 13 मध्ये, गाईडशिवाय, लंडनला 10.46 धावला.

खरी अडचण मेसेजमध्ये नाहीच, ती मी सांगतो. माझं वय आता 43. भाचा सतरा वर्षांचा आहे आणि गेल्या दिवाळीपासून शेवटच्या तीस मीटरला मी त्याला मागे खेचतोय. दोरी ताणते, पण माझ्या बाजूने. त्याला माझ्याहून जलद गाईड हवा आहे. पहाटे पाचला मैदानावर वीस-पंचवीस पोरं भरतीसाठी पळतात, त्यातले चार-पाच तरी बारा सेकंदांच्या आतबाहेर आहेत. आठवड्याचे तीन दिवस, पाऊण तास द्या. लय जुळायला महिना-दीड महिना लागतो, तोवर मी बाजूला उभा राहून शिकवीन. सोमवारपासून या.